लिंगनिदानविरोधी चळवळ आणि आपण

जे मूल जन्मलेच नाही, त्याचा केसपेपर बालरोगतज्ज्ञाकडे नसतो. ती नोंद जनगणना ठेवते. ० ते ६ वयोगटात दर हजार मुलग्यांमागे १९९१ साली देशात ९४५ मुली होत्या. २००१ मध्ये ९२७, आणि आपल्या गुजरातेत अवघ्या ८८३.

याविरुद्ध आवाज उठविण्यात वैद्यकीय संघटना आघाडीवर नव्हत्या, हे कबूल केले पाहिजे. १९८० च्या दशकात मुंबईतील स्त्री-संघटना, काही शास्त्रज्ञ व मोजके डॉक्टर एकत्र आले. त्यांच्या रेट्याने महाराष्ट्राने १९८८ साली देशातील पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. तो कागदावरच राहिला, तेव्हा ‘सेहत’ व ‘मासूम’ या संस्था डॉ. साबू जॉर्ज यांच्यासह २००० साली सर्वोच्च न्यायालयात गेल्या.

या कार्यकर्त्यांनी एक भेद कटाक्षाने जपला. विरोध लिंगनिवडीला, १९७१ च्या कायद्याने मिळालेल्या सुरक्षित गर्भपाताला नव्हे. म्हणूनच त्यांतील अनेकींना ‘स्त्रीभ्रूणहत्या’ हा शब्दच खटकतो. त्याने स्त्री खुनी ठरते, आणि सोनोग्राफी करणारा आमचा व्यवसायबंधू नामानिराळा राहतो. कायदा मात्र, उलट सिद्ध होईपर्यंत, तिने चाचणी पतीच्या वा नातलगांच्या दडपणाखाली करविली असेच धरून चालतो.