दोनशे मीटर कुठून मोजायचे?

लेखांक ६

मागच्या आठवड्यात धाराशिव, तुळजापूर, उमरगा या नगरपालिकांचं पाहिलं. तिथं निदान बांधकाम विभाग म्हणून एक टेबल असतं. ग्रामपंचायतीत टेबल एकच, आणि त्यावर पाणीपट्टीपासून जन्मनोंदीपर्यंत सगळं. नियोजनाचे नवे नियम येऊन पडले ते याच टेबलावर.

बदल कागदावर सोपा आहे. डिसेंबर २०२० मध्ये राज्यासाठी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली, जिला सगळे ‘युडीसीपीआर’ म्हणतात. पाठोपाठ २०२१ च्या सुरुवातीला ग्रामविकास विभागानं जाहीर केलं की, गावात सुमारे ३२०० चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावर बांधायचं तर नगररचनाकाराच्या परवानगीची गरज नाही. १६०० फुटांपर्यंत कागदपत्रं आणि शुल्क ग्रामपंचायतीत जमा करायचं. त्यापुढं परवानाधारक अभियंत्याचा दाखला जोडायचा आणि बांधकाम सुरू करण्याचं प्रमाणपत्र ग्रामपंचायतीकडूनच घ्यायचं. शेतकऱ्याची धाराशिवची एक खेप वाचली, हे खरंच. कळंब किंवा परंड्याहून त्या खेपेत अख्खा दिवस जातो.

आता दुसरं टोक. जमीन महसूल संहितेच्या ४२-ड कलमानुसार गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतली जमीन राहण्यासाठी अकृषिक झाली असं मानलं गेलं. रूपांतर कर भरायचा, तहसीलमधून सनद घ्यायची; वेगळी ‘एनए’ची फाईल फिरवायची नाही. उत्तम. पण हद्द कुठली?

एका गावच्या कार्यालयात बसलो होतो. एक म्हातारे घडी घालून घालून फाटायला आलेला सात-बारा घेऊन आले. ‘भाऊसाहेब, माझा गट गावठाणाला लागून हाय का न्हाय, तेवढं सांगा.’ भाऊसाहेबांनी, म्हणजे ग्रामसेवकांनी, नमुना आठचं रजिस्टर काढलं. त्यात घर होतं, घरमालक होता, कर होता. नकाशा नव्हता. शेवटी ते म्हणाले, ‘मारुतीच्या देवळापासून मोजू.’ यात थट्टा काहीच नव्हती. कित्येक गावठाणांची घरनिहाय मोजणी कधी झालेलीच नव्हती. सातबारा शेताचा, घराला आधार फक्त नमुना आठचा, आणि तो मुळात कराचा कागद.

ही उणीव भरून काढायला ड्रोन आले. पुण्याजवळच्या सोनोरी गावापासून प्रयोग सुरू झाला आणि २०२० पासून स्वामित्व योजनेखाली गावोगावी गेला. ड्रोन उडण्याआधी भूमी अभिलेखचे कर्मचारी आणि ग्रामपंचायतीची माणसं प्रत्येक घराभोवती चुन्याची फक्की मारतात. वरून कॅमेऱ्याला दिसतात त्या याच पांढऱ्या रेघा, त्यांचाच पुढं नकाशा होतो आणि नकाशावरून मिळकत पत्रिका. मला विचाराल तर नियोजनातली सगळ्यात मोठी सुधारणा ही फक्की मारण्याची सकाळ आहे, नियमावली त्यानंतर. भावाभावांत ओटा कुणाचा, गोठ्यामागची बोळ सरकारी की खाजगी, हे चुना हातात घेतल्यावरच वर येतं.

आपल्या जिल्ह्यात याच्या नेमकी उलटी गोष्टही आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादची (आताचं धाराशिव) ५२ गावं नव्या जागी आखून वसवली. सास्तूर परिसरात गेलात तर सरळ, रुंद रस्ते दिसतात. घरं जमिनीच्या हिशेबानं दिली होती : भूमिहीनाला आणि हेक्टरभर शेत असलेल्याला २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४००, त्यावर ७५०. तिथं नकाशा पहिल्या दिवसापासून होता. पण अडीचशे फुटांत तीन भावांचे संसार मावत नाहीत. मागं पत्र्याची खोली आली, पुढं पडवी रस्त्यावर सरकली. नकाशा १९९०च्या दशकात राहिला, गाव पुढं गेलं.

जुन्या गावात रेघ नाही म्हणून अडतं, नव्या गावात रेघ जुनी झाली म्हणून. दोन्हीकडं सही मात्र त्याच एका टेबलावरची. तिथं बसणाऱ्याचं पदनाम बदलायचं ठरलं, ग्रामसेवकाचा ग्रामपंचायत अधिकारी झाला. गावात अजून भाऊसाहेबच. त्यांच्याकडं अधिकार आला, पण बांधकामाचा आराखडा वाचायचं शिक्षण आणि हाताशी एखादा अभियंता आला का, हे पंचायत समितीच्या मासिक बैठकीत कुणी विचारत नाही.

त्या म्हाताऱ्यांचं काय झालं? टेप आणली. देवळाच्या पायरीपासून धरली, पण ती तीस मीटरचीच निघाली. सातव्यांदा टेप लावायची तर मधे कडब्याची गंजी आली. ‘गंजी हलवल्यावर या,’ भाऊसाहेब म्हणाले.

(पुढील लेखांकात : मिळकत पत्रिकेवर बँक कर्ज देते का?)