रातपाळी आणि हरवलेली झोप

सकाळी सात-आठच्या सुमारास बोईसर स्टेशनबाहेर दोन गर्द्या एकमेकींना छेदतात. एक एमआयडीसीकडे कामाला निघालेली. दुसरी रातपाळी संपवून पालघर, डहाणूकडे परतणारी. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत औषधांचे, रसायनांचे, कापडाचे, पोलादाचे कारखाने आहेत. शेजारचे अणुवीज केंद्र तर १९६९ पासून चालू आहे. ही कामे रात्री थांबत नाहीत, म्हणून माणसालाही जागावे लागते.

आणि घरी येऊन अंथरुणाला पाठ टेकली तरी डोळा लागत नाही. घरचे म्हणतात, "एवढा थकलायस, मग झोपत का नाहीस?" दोष त्याचा नाही. मेंदूतले घड्याळ डोळ्यांत शिरणाऱ्या प्रकाशावर चालते. घरी येताना तोंडावर ऊन पडले की शरीर समजते, दिवस उगवला. मग चार-पाच तासांत जाग येते. प्रौढ माणसाला लागते किमान सात तास झोप. रोजची ही तूट साठत गेली की रक्तदाब, साखर, वजन वाढू लागते, पोट बिघडते, स्वभाव चिडका होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये रातपाळीला 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकले.

अपघाताचा धोका तर त्याच सकाळी असतो. सलग १७ तास जागलेल्या माणसाची सावधता १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम मद्य असलेल्या माणसाइतकी खालावते. आपल्याकडे वाहनचालकाला कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. ज्याने आयुष्यात दारूला हात लावला नाही, तोही चिल्हार-बोईसर रस्त्यावर अशा अवस्थेत मोटारसायकल हाकतो. त्यापेक्षा कंपनीची बस बरी.

झोपेचा निम्मा इलाज घरच्यांच्या हाती आहे. खिडकीला जाड पडदा, मोबाईल दुसऱ्या खोलीत, दुपारपर्यंत पाहुण्यांना "नंतर या". येताना काळा चष्मा लावावा. शेवटचा चहा रात्री दोन-तीनच्या आत. जुहरच्या नमाजला उठल्यावर पुन्हा दीड-दोन तास आडवे व्हावे. कैलुला आपल्याला नवा नाही, आणि तुकड्यांत घेतलेली झोपही कामी येते. रमजानमध्ये तरावीह, सेहरी आणि ड्युटी एकत्र आल्या की हे वेळापत्रक आधीच ठरवलेले बरे.

पहाटे चारला उठून डबा करणाऱ्या आणि सगळे निजल्यावर भांडी घासणाऱ्या बाईच्या जागरणाला मात्र कुणी रातपाळी म्हणत नाही. तिची झोपही मोजायला हवी.

आठवड्यातून तीन रात्री, असे तीन महिने झोप लागत नसेल तर तो निद्रानाश. मेडिकलमधून स्वतःच गोळी आणू नये. झोपेच्या सवयी आणि झोपेची धास्ती बदलणारे समुपदेशन हा त्यावर पहिला उपचार मानला जातो. मोठ्याने घोरणे, मध्येच श्वास अडकणे असेल तर तेही डॉक्टरांना सांगावे. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर आपली शिफ्ट कोणती आणि जेवण किती वाजता, हे आवर्जून सांगावे. चिठ्ठीवरचे 'सकाळी एक, रात्री एक' हे रात्री झोपणाऱ्यासाठी लिहिलेले असते.