अंदाजाचें माप

पाकशास्त्र ही मोठी कला आहे, असें आम्ही आजवर अनेकदां, बहुधा पंक्तीस बसल्यावर, अभिमानानें सांगत आलों. आमचें वय पंचावन्न; तथापि चहापलीकडे त्या कलेशीं आमचा संबंध नव्हता, व तो यावा अशी इच्छाहि नव्हती. गेल्या कार्तिकांत मात्र आमच्या सावद्याच्या घरीं चुलीपुढें उभें राहणें आम्हांस भाग पडलें. वहिनी लेकीच्या बाळंतपणास पुण्यास गेलेल्या. आमच्या सौभाग्यवती न्हाणीघरांत घसरून उजवें मनगट मोडून बसलेल्या. आणि ब्यायशी वर्षांच्या मातुःश्रींचे हात कांपतात. उरलों दादा, आम्ही व दोन मुलगे. डबा लावला आणि निभावलें, असें आम्हांस वाटलें.

परंतु चंपाषष्ठी तीन आठवड्यांवर आली होती. आमच्या घरीं आषाढी एकादशीपासून वांगें व कांदा-लसूण वर्ज्य असतात. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीस खंडोबास भरीत व बाजरीचा रोडगा यांचा नैवेद्य झाला कीं मगच तीं पानांत येतात. “नैवेद्य बाहेरून करवून आणला तर?” आम्हीं भीतभीत विचारलें. आई म्हणाली, “देवाला चालेल रे. मला नाहीं चालायचा.”

प्रथम आम्हीं ग्रंथांचा आधार घेतला. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचें ‘सूपशास्त्र’ १८७५ सालीं निघालें. कमलाबाई ओगले यांच्या १९७० सालच्या ‘रुचिरा’नें तर वाटी-चमच्याच्या मापांनीं कित्येक नवख्या मुलींस परगांवीं धीर दिला. पहिला ग्रंथकार पुरुष, हें पाहून आम्हांसहि धीर आला. एक कोरी वही घेतली, आणि रोजचा प्रयोग व रोजची फजिती तींत लिहूं लागलों.

वांग्यांची आमच्याकडे वाण नाहीं. जळगांवच्या केळ्यांप्रमाणेंच येथल्या भरिताच्या वांग्यासहि २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें आहे. असें एक थोरलें, फिकट हिरवें वांगें आम्हीं गॅसवर ठेवलें व वर्तमानपत्र उघडलें. थोड्याच वेळांत स्फोट झाला! वांग्यांत दहा भागांपैकीं नऊंहून अधिक पाणीच असतें. त्याची वाफ होते, व साल अखंड असली तर तिला वाट मिळत नाहीं. “टोंचे मारले होतेस का?” एवढेंच आईनें विचारलें. पुढचीं वांगीं टोंचे मारून, तेलाचा हात लावून, अंगणांत पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलीं. मात्र चाखावयाचें कोणीं? घरांत वर्ज्य! शेजारच्या पाटलांकडे हा नियम नाहीं. तेव्हां रोजचें भरीत तिकडे जाई व निकाल येई. “कच्चें”, “तिखटजाळ”, “आज बरें आहे”, असे अभिप्राय वहींत तारखेसह नोंदलेले आहेत.

रोडग्याचें पीठ अधिक हट्टी निघालें. पहिलें कडू लागलें, कारण बाजरीचें पीठ जुनें झालें कीं त्यांतला स्निग्धांश बिघडतो. तें ताजेंच दळून आणावें लागतें. दुसरें थापतांच तडकलें. गव्हाच्या पिठास असतो तसा चिकटपणा बाजरीस नाहीं. पाणी कढत असेल तर पिठांतील सत्त्व फुगून गोळा धरतो. हें कारण आम्हांस मागाहून कळलें. “पाणी कढत घे” हें आई पहिल्याच दिवशीं बोलली होती.

परंतु किती? विचारावें तर उत्तर एकच: “अंदाजानें.” शेवटीं आम्हीं तिच्यापुढें परात ठेवली, मूठमूठ पीठ घालावयास सांगितलें, आणि प्रत्येक मूठ काट्यावर तोलली. पांच मुठी भरल्या अडतीस ते एकेचाळीस ग्रॅमच्या आंत! आमच्या पांच मुठींत मात्र वीस ग्रॅमपर्यंत फरक पडला. ज्यास आम्ही जन्मभर गबाळेपणा समजत होतों, तें साठ वर्षांचें माप होतें. फक्त तें वाटींत नसून हातांत होतें. आणि तो हात आतां कांपत होता. वाचकहो, त्या रात्रीं आम्हांस झोंप लागली नाहीं. घराच्या उताऱ्यांची, दागिन्यांची यादी आम्हीं केव्हांच करून ठेविली आहे. या मापाची नोंद करावी असें आजवर कोणासहि सुचलें नव्हतें.

दुसऱ्या दिवसापासून आम्हीं आधीं पीठ तोलूं लागलों, मग डोळे मिटून तेंच मुठींत भरूं लागलों. थोरला मुलगा हंसला. धाकटा मात्र शेजारीं येऊन उभा राहिला.

चंपाषष्ठीस पहाटे जाळ पेटविला. भरितांत पातीचा कांदा, लसूण, हिरवी मिरची पडली. रोडगे निखाऱ्यांवर शेकले, त्यांतला एक तडकला. नैवेद्य दाखविल्यावर पहिलें पान आईपुढें मांडलें. तिनें घांस घेतला, बराच वेळ घोळविला, आणि म्हणाली, “मीठ अंमळ जास्त झालें. रोडगा जमला.”

मनगटाचें प्लास्टर पुढें निघालें, वहिनीहि परतल्या. आमची सुटका झाली असें मंडळींस वाटलें. परंतु आईच्या बासष्ट पदार्थांची यादी आम्हीं वहीच्या शेवटच्या पानावर केली आहे, आणि खूण अद्याप सातांवरच पडली आहे. दर रविवारीं सकाळीं आई पाटावर बसते, धाकटा काटा मांडतो, आणि आम्ही परात घेतों.