घरीं शिवलेला सारीपाट

मुलांच्या खेळण्यांचा विचार करतांना कापडाची आठवण बहुधा शेवटीं होते. लांकूड, पत्रा, पुठ्ठा आणि अलीकडे प्लॅस्टिक यांचीं खेळणीं बाजारांत मिळतात. कापडाची बाहुली तेवढी घरीं होते, आणि त्यापलीकडे खेळण्यांत कापडाचा उपयोग नाहीं, अशी समजूत आहे. वास्तविक महाराष्ट्रांतील जुन्या घरांतून जो बैठा खेळ पिढ्यान्‌पिढ्या चालत आला, तो सारीपाट कापडावरच खेळला जाई. अधिकाच्या चिन्हासारखा चार भुजांचा पट, त्यावर भरलेलीं घरें, लांकडी सोंगट्या आणि कवड्या किंवा फांसे, एवढीच त्याची सामग्री. हा पट गुंडाळला कीं पिशवीच्या कोपऱ्यांत मावतो, मळला कीं धुतां येतो, फाटला कीं सांधतां येतो. पुठ्ठ्याच्या पटास यांतील एकहि गुण नाहीं.

या खेळाचें कुळ जुनें आहे. वेरूळच्या १४ व्या व २१ व्या लेण्यांत शिवपार्वती फांशांचा खेळ मांडून बसल्याचीं शिल्पें आहेत. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फझल यानें 'ऐन-इ-अकबरी'त चौपडीचें वर्णन केलें, आणि फत्तेपूर सिक्रीच्या राजवाड्यांतील फरसबंदी चौकावर हाच चार भुजांचा पट आखलेला आजहि दिसतो. पुढें हा खेळ परदेशीं गेला. अमेरिकेंत १८७४ सालीं 'पार्चीसी' या नांवानें त्याची व्यापारी नोंद झाली. इंग्लंडांत १८९६ सालीं 'लुडो'चें पेटंट घेण्यांत आलें. या प्रवासांत कापड जाऊन पुठ्ठा आला, कवड्या जाऊन ठोकळा आला, आणि प्रत्येक भुजेवरील २४ घरांचीं १८ घरें झालीं. आज शहरांतील मुलें जो लुडो खेळतात, तो म्हणजे आजीच्या पेटींतला सारीपाटच, कांहीं घरें गमावून परत आलेला.

छत्रपती संभाजीनगराहून, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेहून, पैठणकडे जाणाऱ्या रस्त्यावर चितेगांव लागतें. आज तें कारखान्यांच्या शेजाराचें गांव आहे. परंतु ज्या रस्त्यावर तें वसलें आहे तो दोन नामांकित विणकामांना जोडतो. एका टोंकास शहरांतील हिमरू, दुसऱ्या टोंकास पैठणची पैठणी. या दोन वस्त्रांची पाठ उलटून पाहिली, तर घरीं पट शिवणाऱ्यास एक धडा आयताच मिळतो. पैठणीच्या पदरावर निरनिराळ्या रंगांचे धागे एकमेकांत अडकवून नक्षी विणलेली असते. त्यामुळें तिची उलट बाजू सुलट बाजूसारखीच दिसते. हिमरूंत नक्षीचा जादा धागा, जेथें त्याचें काम नसेल तेथें, पाठीमागें मोकळा राहतो. मशीनवरील भरतकाम या बाबतींत हिमरूच्या जातीचें आहे. पुढून तें कितीहि नेटकें असलें, तरी मागें गांठी आणि मोकळे धागे राहतातच. मुलांचीं बोटें त्यांत अडकतात, आणि एक धागा ओढला गेला कीं सारी ओळ उसवूं लागते. म्हणून अशा पटास अस्तर हवेंच.

परंतु कातरी हातीं घेण्यापूर्वीं पटाचा हिशेब समजून घेतला पाहिजे. कारण या खेळाचे निम्मे नियम कापडावरच लिहिलेले असतात. प्रत्येक भुजेवर घरांच्या तीन ओळी असतात व प्रत्येक ओळींत आठ घरें. म्हणजे एका भुजेवर २४ आणि चारींवर मिळून ९६. मध्यें एक मोकळा चौक. सोंगटी या चौकांतून निघते, आपल्या भुजेच्या मधल्या ओळीनें खालीं उतरते, पटाच्या कडेकडेनें चारी भुजांस फेरी घालते आणि पुन्हां आपल्याच मधल्या ओळीनें वर चढून चौकांत येते. घरें मोजीत गेल्यास चौऱ्याऐंशीव्या पावलास ती चौकांत पोंचते.

कांहीं घरांवर फुली असते. फुलीवर बसलेली सोंगटी मारतां येत नाहीं. तें विसाव्याचें घर होय. प्रत्येक भुजेच्या मधल्या ओळीच्या बाहेरच्या टोंकास अशी एक फुली असते. आपल्या भुजेवर परत येण्यापूर्वीं जी शेवटची भुजा लागते, तिच्या टोंकावरील फुलीपासून चौकापर्यंतचें अंतर मोजून पाहावें. फुलीवरून बाजूच्या ओळींत एक पाऊल, त्या ओळीनें आंत सात, आपल्या भुजेवर येण्यास एक, तिच्या टोंकापर्यंत सात, मधल्या ओळींत वळण्यास एक, ती ओळ चढण्यास सात, आणि चौकांत शिरण्यास एक. बेरीज बरोबर पंचवीस होते. सहा कवड्यांनीं खेळण्याच्या रीतींत सर्व कवड्या पालथ्या पडल्या, तर नेमकें पंचविसाचें दान मिळतें. 'पचीसी' हें हिंदी नांव त्यावरूनच आलें. फुलीवर दबा धरून बसावें आणि एका दानांत घर गांठावें, ही या खेळांतील मोठी गंमत त्या मोजमापावर उभी आहे.

आतां कापड अपुरें पडलें म्हणून, किंवा आंखतांना नजर चुकली म्हणून, एका भुजेवरील तिन्ही ओळींत आठांऐवजीं सातच घरें पडलीं, अशी कल्पना करावी. त्या भुजेच्या धन्यास फुलीपासून चौकापर्यंत तेवीसच घरें उरतात, आणि पंचविसाच्या दानाची जुळणी मोडते. शिवाय पूर्ण फेरीस इतर तिघांना ८२ पावलें चालावीं लागतात, तर त्यास ८० च. मुलें हा हिशेब करीत नाहींत. परंतु त्या बाजूस बसणारा वरचेवर जिंकतो, एवढें त्यांच्या ध्यानांत येतें. मग जो दोष पटाचा, त्याचा आळ भावंडांवर येतो, आणि लबाडीच्या आरोपानें डाव मोडतो. शिवणाऱ्याची एक चूक अशा रीतीनें चार मुलांमधील न्यायाची चूक होते. पटाच्या कामांत नक्षीपेक्षां मापास जास्त मान आहे तो यामुळें.

कापड घट्ट विणीचें सुती असावें. खादी किंवा मांजरपाट उत्तम. ताणलें जाणारें कापड घेऊं नये, कारण त्यावर आंखलेला चौकोन चौकोन राहत नाहीं. नवें कापड रात्रभर पाण्यांत भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच कापावें. नाहीं तर पहिल्याच धुण्यांत पट आकसतो आणि अस्तर फुगतें. रंगीत कापडाचा कोपरा ओला करून पांढऱ्या रुमालावर घासून पाहावा. रुमालास डाग पडला तर तें कापड पटास निरुपयोगी समजावें.

एक घर ३ सेंटिमीटर चौरस धरलें, तर भुजा ९ सेंटिमीटर रुंद व २४ लांब होते, आणि सारा पट टोंकापासून टोंकापर्यंत ५७ सेंटिमीटर भरतो. चार निरनिराळ्या भुजा कापून चौकास जोडण्यापेक्षां, समोरासमोरच्या दोन भुजा आणि चौक यांची मिळून एक लांब पट्टी घ्यावी व उरलेल्या भुजांच्या दोन आंखूड पट्ट्या घ्याव्या. शिवणीकरितां सर्व बाजूंनीं १ सेंटिमीटर सोडल्यास लांब पट्टी ५९ बाय ११ आणि आंखूड पट्टी २६ बाय ११ होते. एवढें कापड शिंप्याकडील कातरणांतूनहि निघूं शकतें. कापण्याची रेघ सरळ यावी म्हणून कापडांतील एक धागा ओढून काढावा. जी बारीक वाट दिसते तिच्यावरून कातरी चालवावी. लांब पट्टीवर दोन्ही टोंकांपासून २५ सेंटिमीटरांवर खुणा कराव्या. मध्यें उरणाऱ्या ९ सेंटिमीटरांच्या दोन्ही कडांस आंखूड पट्ट्या जोडाव्या, आणि शिवण खुणेपाशींच सुरू करून खुणेपाशींच थांबवावी. ती पुढें गेली तर आंतला कोपरा चुणतो.

पट्ट्या जोडून इस्त्री झाल्यावर खडूनें घरें आंखावीं आणि भरतकाम अस्तर लावण्यापूर्वींच उरकावें. साध्या पायमशीनवर सरळ टीपच येते. पण तीहि पुरेशी आहे. बॉबिनींत जाड रंगीत धागा भरून, कापड उलटें ठेवून, मागच्या बाजूस आंखलेल्या रेघेवरून टीप घातली, तर जाड धागा सुलट बाजूस गोफासारखा उठून दिसतो. ज्या मशीनवर नागमोडी टांका येतो, तिच्यावर तो अगदीं जवळजवळ घेतल्यास भरीव पट्टी तयार होते. कोणताहि टांका घेतला तरी एका दिशेच्या सर्व रेघा एकाच बाजूनें सुरू कराव्या. आलटून पालटून शिवल्यास कापड ओढलें जातें व घरें तिरपीं होतात.

फुल्या भरण्यास मशीन मोकळी करावी लागते. एरवीं कापड पुढें सरकविण्याचें काम खालचे दाते करतात. भरतकामांत तें काम हातानें करावयाचें असतें. म्हणून दाते खालीं उतरवावे किंवा झांकावे, दाबपट्टी काढावी, आणि कापड रिंगेंत ताणून बसवावें. हातानें भरतांना कापड रिंगेच्या वरच्या अंगास असतें. मशीनवर तें खालच्या अंगास, मशीनच्या पाटास टेंकून राहिलें पाहिजे. दाबपट्टी काढली तरी तिचा खटका खालीं पाडण्यास विसरूं नये. तो वर राहिला तर वरच्या धाग्यास ताण मिळत नाहीं आणि खालीं धाग्यांचा गुंता होतो. कापडाखालीं साधा कागद ठेवल्यास तें चुणत नाहीं; काम झाल्यावर कागद फाडून काढावा. पाय एका लयींत चालावा, रिंग हळू फिरवावी, आणि बोटें रिंगेच्या कडेवर, सुईपासून दूर असावीं. टोंकांच्या चार फुल्यांशिवाय बाजूच्या ओळींतहि फुल्या घालतात. त्यांच्या जागांत ठिकठिकाणीं फरक आढळतो, म्हणून घरांत जी रीत चालत आली असेल ती पाळावी.

अस्तर पटाच्याच आकाराचें कापून, सुलट बाजू समोरासमोर ठेवून, हात जाईल एवढी फट सोडून कडेनें शिवावें. चार आंतल्या कोपऱ्यांत शिवणीच्या अगदीं जवळपर्यंत कातरीनें छेद द्यावा. तो न दिल्यास पट उलटविल्यावर कोपरे आखडतात. सोंगट्या सोळा लागतात, चार रंगांच्या चार-चार. दुहेरी जाड कापडाच्या टिकल्या कापून कडेनें टांका घातला कीं त्या तयार होतात. कांहीं मुलांस लाल व हिरवा हे रंग वेगळे ओळखतां येत नाहींत. यास्तव प्रत्येक रंगावर ठिपका, रेघ, फुली, त्रिकोण अशी वेगळी खूणहि भरावी. घरांत तीन वर्षांखालील मूल असेल, तर कवड्या आणि सोंगट्या बटव्यांत घालून उंच ठेवाव्या. तोंडांत गेलेली कवडी जिवावर बेतूं शकते.

राहिली एक गोष्ट. भरतकाम झाल्यावर, पण अस्तर लावण्यापूर्वीं, पट मुलांच्या हातीं द्यावा. चौघांनीं चार बाजूंस बसून आपापली एकेक सोंगटी कवड्यांवांचून, घर मोजीत, पूर्ण फेरीनें चौकांत न्यावी. चौघांचीहि मोजणी चौऱ्याऐंशी आली, तर पट खरा. एखाद्याची ऐंशी किंवा ब्याऐंशी आली, तर चूक कोठें आहे तें मुलेंच शोधून काढतात, आणि पाठ अजून उघडी असल्यामुळें टीप उसवून ती दुरुस्त करतां येते. या मोजणींत लहान मूल बेरीज शिकतें, मोठें मूल पटाची वाट शिकतें, आणि पट चौघांस सारखाच आहे याची खात्री चौघांचीहि स्वतःच्या बोटानें झालेली असते. त्यानंतर हरणाऱ्यास आपल्या दानाखेरीज कोणाला दोष देण्यास जागा राहत नाहीं. मग अस्तर लावावें, फट हातानें शिवून बंद करावी, आणि पट मांडावा.