चकती थांबली, माहिती धावली!

वीज गेली आणि 'सेव्ह' न केलेला मजकूर नाहीसा झाला, हा अनुभव संगणक वापरणाऱ्या बहुतेकांच्या गाठीशी असतो. संगणकाची रॅम विद्युतभारावर चालते. वीज खंडित होताच ती कोरी होते. हार्ड डिस्कवरील माहिती मात्र टिकते, कारण ती चकतीवरील अतिसूक्ष्म क्षेत्रांच्या चुंबकीय दिशांमध्ये नोंदलेली असते.

मग सगळीच स्मृती चुंबकीय का नाही? अडचण वेगाची आहे. हार्ड डिस्कमध्ये माहिती जागची हलत नाही, तिच्यासाठी अख्खी चकती फिरवावी लागते. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या चकतीची एक फेरी सुमारे ८ मिलिसेकंदांत पूर्ण होते. सेकंदाला अब्जावधी सूचना पार पाडणाऱ्या प्रोसेसरच्या हिशेबी हा काळ म्हणजे एक युगच!

चकतीऐवजी माहितीलाच धावायला लावावे, हा विचार नवा नाही. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये अँड्र्यू बोबेक यांनी 'बबल मेमरी'चा पाया घातला. गार्नेटच्या पातळ थरातील चुंबकीय 'बुडबुडे' फिरत्या चुंबकीय क्षेत्राने पुढे सरकवले जात. इंटेलने १९७९ मध्ये सुमारे १० लाख बिटची अशी चिप आणली. परंतु हार्ड डिस्क आणि इतर चिप इतक्या झपाट्याने स्वस्त झाल्या, की पुढच्याच दशकात हा बुडबुडा फुटला.

ती कल्पना वेगळ्या रूपात पुढे आणली स्टुअर्ट पार्किन यांनी. १९८८ मध्ये अल्बर्ट फर्ट आणि पीटर ग्रुनबर्ग यांनी स्वतंत्रपणे लावलेल्या शोधाच्या आधारे (त्याबद्दल दोघांना २००७ चे नोबेल मिळाले) हार्ड डिस्कसाठी अतिसंवेदनशील वाचक घडवण्यात, आयबीएममध्ये काम करणाऱ्या पार्किन यांचा मोठा वाटा होता. २००८ मध्ये त्यांनी व सहकाऱ्यांनी 'सायन्स' नियतकालिकात 'रेसट्रॅक मेमरी' मांडली.

यात चकती नाहीच. असते ती केसापेक्षा कितीतरी बारीक चुंबकीय तार. तारेत विरुद्ध दिशांची क्षेत्रे एकापुढे एक असतात आणि त्यांच्यामध्ये सीमाभिंती. बाहेरून चुंबकीय क्षेत्र लावले तर शेजारच्या भिंती परस्परविरुद्ध दिशांना सरकतात, एकमेकींवर आदळून नष्ट होतात आणि माहितीही जाते. तारेतून विद्युतप्रवाहाचा झटका दिला, तर मात्र इलेक्ट्रॉनांच्या 'स्पिन'मुळे साऱ्या भिंती एकाच दिशेला सरकतात. फलाटावर उभ्या प्रवाशासमोरून लोकलचे डबे क्रमाने जावेत, तसे बिट स्थिर वाचकासमोरून जातात. तार उभी ठेवली तर थोड्या जागेत बरीच माहिती मावते, हे या कल्पनेचे खरे आकर्षण.

मात्र प्रवाह फार तीव्र लागे, तार तापे, आणि तारेतील बारीकशा दोषापाशीही भिंत अडकून बसे. पार्किन २०१४ मध्ये जर्मनीतील हाले येथील माक्स प्लांक संस्थेत गेले. २०१५ मध्ये त्यांच्या गटाने परस्परविरोधी चुंबकत्वाचे दोन थर जोडून भिंतींचा वेग सेकंदाला ७५० मीटरपर्यंत नेला.

बाजारात मात्र आजवर पोहोचली ती तिची साधी बहीण, 'एमरॅम'. फ्रीस्केल कंपनीने २००६ मध्ये ती विक्रीस आणली. वीज गेली तरी तीही विसरत नाही. पण तिच्यातील बिट जागचे हलत नाहीत. धावत्या बिटांची स्मृती अद्याप प्रयोगशाळेतच आहे.