कोल्हापूर-मुंबई : अंतर किलोमीटरचे आणि तासांचे

कोल्हापूरहून मुंबई किती लांब, या साध्या प्रश्नाची उत्तरे तीन आहेत. महामार्गाने हे अंतर सुमारे ३८० किलोमीटर भरते, लोहमार्गाने सुमारे ५१८ किलोमीटर आणि उजळाईवाडीच्या विमानतळापासून मुंबईच्या विमानतळापर्यंत सरळ रेषेत मोजल्यास अवघे ३१० किलोमीटर.

लोहमार्ग इतका लांब होण्याचे कारण त्याच्या वळणात आहे. मुंबई कोल्हापूरच्या वायव्येस आहे. गाडी मात्र आधी पूर्वेकडे मिरजेला जाते. तेथून सांगली, कराड, सातारा, पुणे असा प्रवास करून ती बोरघाट उतरते. कोल्हापूर-मिरज हा फाटा राजर्षी शाहूंच्या काळात, १८९१ मध्ये सुरू झाला. आजही महालक्ष्मी एक्स्प्रेसच्या प्रवाशाला मुंबई गाठण्यासाठी जवळजवळ अख्खी रात्र गाडीत काढावी लागते. मोटारीने सात-आठ तास लागतात.

विमानाचा हिशेब वेगळा आहे. पंख्याच्या इंजिनाचे एटीआर विमान ताशी सुमारे ५०० किलोमीटर वेगाने उडते. या वेगाने ३१० किलोमीटरला चाळीस मिनिटेही लागू नयेत. परंतु चढताना आणि उतरताना वेग कमी असतो, मार्गही पूर्णपणे सरळ नसतो. शिवाय वेळापत्रकातील वेळ मोजली जाते ती विमान जागचे हलल्यापासून पुन्हा जागेवर उभे राहीपर्यंत. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे त्या एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत. गर्दीच्या वेळी विमानाला आकाशात घिरट्या घालाव्या लागतात. म्हणूनच वेळापत्रकात या प्रवासासाठी साधारण तासाभराचा अवधी धरलेला असतो.

त्यात विमानतळ गाठण्याचा, तपासणीचा आणि मुंबईतील रहदारीचा वेळ मिळवला, तर घरातून निघून कामाच्या ठिकाणी पोहोचेपर्यंत चार तास सहज जातात. तरीही मोटारीच्या तुलनेत निम्मा वेळ वाचतो. मात्र हा लाभ विमानाच्या वेळेवर अवलंबून आहे. सकाळी जाऊन संध्याकाळी परतता आले नाही, तर मुक्काम टळत नाही आणि वाचलेले तास हॉटेलात खर्ची पडतात. मुंबईत विमान उतरविण्यासाठी सोयीची वेळ मिळणे हीच लहान शहरांची खरी अडचण असते.

कोल्हापूरच्या विमानतळाचा प्रारंभ १९३९ मध्ये छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत झाला. मात्र मुंबईची प्रवासी सेवा अनेकदा सुरू झाली आणि खंडितही झाली. 'उडान' योजनेखाली ती २०१८ मध्ये पुन्हा सुरू झाली. धावपट्टी पूर्वी जेमतेम १,३७० मीटरची होती; पुढे ती वाढविण्यात आली. नव्या टर्मिनलचे उद्‌घाटन मार्च २०२४ मध्ये झाले.

अंतर कमी करण्याचा आणखी एक मार्ग आहे : ज्या कामासाठी जायचे, ते कामच जवळ आणणे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतील पक्षकारांना उच्च न्यायालयातील एका तारखेसाठी मुंबई गाठावी लागे. कोल्हापूरकराच्या दोन रात्री रेल्वेत जात. विमानाचे तिकीट त्यांपैकी बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचे होते. वकिलांच्या दीर्घ आंदोलनानंतर १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचे कामकाज कोल्हापुरात सुरू झाले. नकाशावरील ३१० किलोमीटर तेवढेच राहिले. अनेकांचा मुंबईचा प्रवास मात्र वाचला.