लाळ्या-खुरकूत : धाग्याच्या घडीतला हुकूम

कर्जत-खालापूरकडे आषाढात चिखलणीला जोर येतो. नेमक्या त्याच वेळी बैल लंगडू लागला, तोंडातून लाळेच्या तारा लोंबू लागल्या, की घरातली माणसे गप्प होतात. लाळ्या-खुरकूत! मोठे जनावर यात सहसा दगावत नाही. पण ते जुवाला खांदा देईपर्यंत रोपे जून होतात, लावणी रखडते. भाड्याचा पॉवर टिलर प्रत्येकाला थोडाच परवडतो?

या रोगाचे कारण १८९८ मध्ये लोफ्लर आणि फ्रॉश या जर्मन शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. प्राण्यांच्या रोगाचा विषाणू म्हणून ओळखला गेलेला हा पहिलाच. त्याचे सारे भांडवल म्हणजे आरएनएचा एक धागा, चारच मुळाक्षरांत लिहिलेला, सुमारे ८,४०० अक्षरांचा. आम्हा कलाशाखेवाल्यांना वाटते, मजकूर वाचला की अर्थ लागला. येथे तेवढ्याने भागत नाही. हा धागा स्वतःवरच दुमडतो, समोरासमोरच्या अक्षरांच्या जोड्या जमतात आणि अंबाड्यात खोवायच्या आकड्यासारखे आकार तयार होतात. मजकुरातून प्रथिने बनतात. नक्कल काढण्याचा हुकूम मात्र या घड्यांत असतो.

तो कसा? नक्कल करणाऱ्या विकराला सुरुवातीचा टाका आयता लागतो. तो टाका म्हणजे एक चिमुकले प्रथिन आणि त्याला जोडलेली ‘यू’ ही दोन अक्षरे. ही जोडणी होते एका लहानशा आकड्याच्या वळणावर. तेथली ‘ए’ अक्षरे साच्याचे काम करतात. हा आकडा २००२ मध्ये सापडला. तो मोडला की नक्कल थांबते. म्हणूनच त्याच्या दांडीतले एखादे अक्षर बदलले, तर विषाणूला जोडीचे अक्षरही बदलावे लागते. धाग्याच्या आरंभीही असाच एक लांबलचक आकडा आहे, सुमारे ३६० अक्षरांचा.

विषाणूच्या बाहेरच्या कवचाला असली बंधने कमी. ते बदलत राहते; त्याचे सात प्रकार नोंदले गेले, आणि भारतातल्या लशीत ओ, ए व एशिया-१ हे तीन असतात. लस शरीराला ओळख करून देते ती या कवचाचीच, आतल्या घडीची नव्हे. शिवाय तिचा परिणाम काही महिन्यांत ओसरतो. म्हणून २०१९ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात ती सहा-सहा महिन्यांनी टोचायची असे ठरले. चिखलणीच्या बैलाला ती पावसाआधी मिळायला हवी; टोचल्यावर अंगात प्रतिकारशक्ती यायला दोन-तीन आठवडे जातात.